झुलता आकडा: उद्यमबागेतल्या एका टेस्ट बेंचवरचा एसएमपीएसचा नॉइज

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह तपासायचा एक टेस्ट बेंच. व्हॉल्व्हचं तोंड बंद करून 200 बार दाब चढवायचा, पंपाची लाइन तोडायची आणि 60 सेकंदांत दाब किती उतरतो ते बघायचं. 2 बारपेक्षा जास्त उतरला तर व्हॉल्व्ह परत असेंब्लीकडे. वर्षानुवर्षं हे काम बिनबोभाट चालू होतं. पॅनेल नवं केल्यावर मात्र दाबाचा आकडा एका जागी उभाच राहीना. 200 वर सोडलेला दाब 198.5 ते 201.5 असा वरखाली होत राहायचा, सेकंदाला तीन-चार वेळा, झोपाळ्यासारखा. 2 बारची गळती शोधायची आणि आकडाच 3 बार हलतोय, मग पास कुणाला करायचं आणि नापास कुणाला? "दाब उतरत नाही अण्णा, आकडाच झुलतोय बघा," हे ऑपरेटरचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. गेज ग्लिसरीनचं होतं आणि त्याची सुई जागची हलत नव्हती.

पॅनेलमध्ये बदल एवढाच झाला होता. आधी दोन ट्रान्सफॉर्मर होते. एक सोलेनॉइड कॉइलसाठी. दुसऱ्यावर ब्रिज, मोठा कंडेन्सर आणि 7824 रेग्युलेटर (पक्के 24 व्होल्ट देणारा), तो फक्त सेन्सर आणि डेटा कार्डसाठी (सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारं कार्ड). दोन्ही काढून त्यांच्या जागी 24 व्होल्ट 5 अँपिअरचा एकच एसएमपीएस (वेगाने स्विचिंग करून स्थिर डीसी देणारा सप्लाय) बसवला. वजन कमी, जागा कमी आणि हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) व्होल्टेज 190 वर आला तरी चोवीसचे चोवीस. कागदावर सगळं चांगलंच दिसत होतं.

आकड्यांचा हिशोब आधी मांडू, कारण पुढचा सगळा निवाडा त्यावर आहे. प्रेशर ट्रान्समीटर 0 ते 250 बारचा, आउटपुट 0 ते 10 व्होल्ट. म्हणजे 1 बारला 40 मिलिव्होल्ट. डेटा कार्ड 12 बिटचं, 10 व्होल्टचे 4096 भाग, एक भाग 2.44 मिलिव्होल्ट, म्हणजे 0.06 बार. ±1.5 बार हलणं म्हणजे ±60 मिलिव्होल्ट. भार असा: ट्रान्समीटर तीन, प्रत्येकी 20 मिलिअँपिअर. कार्ड 150 मिलिअँपिअर. दोन डिजिटल इंडिकेटर, प्रत्येकी 70. एकूण 0.35 अँपिअर. कॉइल दोन, 30 वॅटच्या, म्हणजे प्रत्येकी 1.25 अँपिअर. सगळं चालू असताना जेमतेम 2.85 अँपिअर. सप्लाय कमी पडत होता असं अजिबात नाही.

संशय आधी फर्नेसवर

शेजारी फाउंड्री आहे आणि तिथे इंडक्शन फर्नेस आहे. उद्यमबागेत कुठल्याही यंत्राचं काही बिनसलं की पहिलं बोट फर्नेसकडे जातं, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. इथे नव्हतं, आणि ते ठरवायला अर्धा तास आणि दोन बॅटऱ्या पुरल्या.

यूपीएसमधल्या 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या, 25 व्होल्टच्या आसपास मिळाले. कार्ड, ट्रान्समीटर आणि इंडिकेटर बॅटरीवर घेतले, एसएमपीएस पूर्ण बंद. फर्नेस चालू असताना आकडा ±1 भागावर, म्हणजे ±0.06 बारवर उभा. मग एसएमपीएस चालू केला, पण त्यावर फक्त कॉइल ठेवल्या आणि बॅटरीच्या बाजूशी एकही तार सामाईक ठेवली नाही. आकडा ±2 भाग. नॉइज हवेतून येत नाही, फर्नेसमधून येत नाही, तो 24 व्होल्टच्या तारांवरूनच येतोय हे तिथेच स्पष्ट झालं. फिल्टर विकत घेण्याआधी ही परीक्षा करायलाच हवी. नंतरच्या सगळ्या चुका ती न केल्यामुळेच होतात.

आणखी एक साधं हत्यार खिशातला मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टर. सुई धारवाड आकाशवाणीच्या 765 किलोहर्ट्झच्या आसपास आणून रेडिओ पॅनेलजवळ धरला की घरघर ऐकू येते. या एसएमपीएसची स्विचिंग फ्रिक्वेन्सी 65 किलोहर्ट्झ. तिचा बारावा हार्मोनिक (बारा पट फ्रिक्वेन्सी) 780 वर पडतो, म्हणून तो नेमका इथे सापडतो. रेडिओ तारेच्या कडेने फिरवत गेलं की घरघर कुठल्या तारेवर जास्त आहे तेही कळतं. इथे ती ट्रान्समीटरच्या केबलवर सर्वांत मोठी होती, एसएमपीएसच्या बॉडीपेक्षाही मोठी. ही खूण पुढे फार उपयोगी पडली.

स्कोपवर काय दिसलं, आणि काय दिसायला नको होतं

पहिल्या मोजणीत ऑसिलोस्कोपवर 600 मिलिव्होल्टचे स्पाइक दिसले. पण ते सगळे सप्लायचे नव्हते. प्रोबची 15 सेंटिमीटर लांबीची मगरक्लिपवाली तार हीच एक अँटेना असते. खात्री करायची असेल तर प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला टेकवायचं आणि दोन्ही 0 व्होल्टच्या टर्मिनलवर धरायचं. काही दिसायला नको. इथे 350 मिलिव्होल्ट दिसत होते. म्हणजे निम्म्याहून जास्त नॉइज प्लस आणि मायनसच्या मध्ये नसून, दोन्ही तारा मिळून अर्थच्या संदर्भात वरखाली होत होत्या. हाच कॉमन मोड.

क्लिप काढून, प्रोबच्या टोकाजवळच्या धातूच्या कड्याला छोटी स्प्रिंग लावून, टर्मिनलवर 0.1 मायक्रोफॅरड सिरॅमिक आणि 47 मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक बसवून, स्कोपची 20 मेगाहर्ट्झ मर्यादा चालू करून परत मोजलं. एसएमपीएसच्या डेटाशीटमधला रिपलचा (डीसीवर उरलेल्या लाटेचा) आकडा बहुतेक अशाच रीतीने मोजलेला असतो, त्यामुळे तुलनाही अशीच करावी. एक कॉइल चालू, भार 1.6 अँपिअर: 65 किलोहर्ट्झचा रिपल 50 मिलिव्होल्ट आणि त्यावर बारीक स्पाइक, मिळून 90.

मग कॉइल बंद केली आणि चित्रच पालटलं. भार 0.35 अँपिअर, म्हणजे 5 अँपिअरच्या सप्लायला फक्त 7 टक्के. एवढ्या हलक्या भारावर आजचे बहुतेक एसएमपीएस सलग स्विचिंग करत नाहीत. थोडे पल्स सोडतात, थांबतात, परत सोडतात. वीज वाचवायची ही सोय आहे, तिला बर्स्ट मोड म्हणतात. इथे सेकंदाला साधारण 900 ते 1000 बर्स्ट होते आणि रिपल चढून 130 मिलिव्होल्ट झाला होता.

गळतीची परीक्षा केव्हा होते? कॉइल बंद असताना. म्हणजे ज्या मिनिटाला आकडा सर्वांत स्थिर हवा, नेमक्या त्याच मिनिटाला सप्लाय सर्वांत वाईट वागत होता. गरजेच्या दुप्पट मोठा एसएमपीएस घ्यावा हा आपल्याकडचा पक्का समज. सेन्सरच्या सप्लायला तो उलटा पडतो.

झोपाळ्याचा वेगही यातूनच उलगडतो. कार्ड सेकंदाला 1000 वेळा वाचतं. बर्स्ट जर सेकंदाला 996 असतील तर कार्डाला 4 हर्ट्झची संथ लाट दिसते. ती खोटी लाट आहे, दोन वेगांतल्या फरकाची. एसएमपीएस तापला की बर्स्टचा वेग सरकतो, म्हणून सकाळी आकडा थरथरायचा आणि दुपारी झुलायचा. फर्नेसही दुपारीच चालू होत असल्याने दोष तिच्या माथी बसला होता.

आता प्रश्न असा की सप्लायवरचा नॉइज ट्रान्समीटरच्या आउटपुटमध्ये शिरतो कसा, आत रेग्युलेटर असताना? ट्रान्समीटरची बॉडी स्टीलची, मॅनिफोल्डमध्ये आट्यांनी घट्ट बसलेली, म्हणजे अर्थला जोडलेली. एसएमपीएसच्या आत प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये एक वाय कंडेन्सर असतो. त्यातून आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांमधून स्विचिंगचे झटके 24 व्होल्टच्या दोन्ही तारांवर येतात, केबलमधून ट्रान्समीटरपर्यंत जातात, तिथून बॉडीत उतरतात आणि मॅनिफोल्ड, बेंच, अर्थ असे फिरून परत येतात. वाटेत ट्रान्समीटरचा अँप्लिफायर लागतो. 10–12 मेगाहर्ट्झचे झटके त्याला झेपत नाहीत, तो त्यांचं अर्धवट रेक्टिफिकेशन करतो आणि आउटपुट थोडं सरकतं. बर्स्ट आला की सरकतं, थांबला की परत येतं. रेडिओची घरघर केबलवर जास्त का होती याचं उत्तरही हेच.

जे करून पाहिलं आणि चाललं नाही

आधी आउटपुटवर 4700 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला होता. हे सगळेच करतात. दोन गोष्टी झाल्या. चालू करताना एसएमपीएस टिक-टिक करत अडकायला लागला, कारण रिकामा कंडेन्सर त्याला शॉर्टसारखा दिसतो आणि करंट लिमिट लागतं. आणि स्पाइक जिथल्या तिथे राहिले. मोठा इलेक्ट्रोलिटिक 12 मेगाहर्ट्झला कंडेन्सर राहतच नाही. त्याच्या पायांचे आणि आतल्या पट्टीचे मिळून 20 नॅनोहेन्री धरले तरी 1.5 ओहम होतात, आणि तो 20 सेंटिमीटरच्या तारांनी जोडलेला असेल तर 15 ओहम. बर्स्टची उंची थोडी उतरली, पण बर्स्टचा वेगही सरकला आणि झोपाळा संथ झाला. ऑपरेटरला ते सुधारल्यासारखं वाटलं.

नंतर मेन्सच्या बाजूला तयार फिल्टर आणून लावला. धातूच्या डबीतला, 3 अँपिअरचा, चांगल्या दर्जाचा. काडीचाही फरक नाही. एक तर हा फिल्टर मुख्यतः एसएमपीएसचा नॉइज लाइनमध्ये परत जाऊ नये यासाठी असतो, आपला त्रास 24 व्होल्टच्या बाजूला. दुसरं म्हणजे तो प्लास्टिकच्या क्लिपने रेलवर अडकवला होता आणि अर्थ 60 सेंटिमीटरच्या हिरव्या तारेने दिला होता. सरळ तारेला मिलिमीटरला साधारण 1 नॅनोहेन्री. 60 सेंटिमीटरचे 0.6 मायक्रोहेन्री, 12 मेगाहर्ट्झला 45 ओहम. आतले वाय कंडेन्सर ज्या अर्थवर भरवसा ठेवून बसलेत तो 45 ओहम लांब आहे. वर फिल्टरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या तारा एकाच डक्टमध्ये एकत्र बांधलेल्या. नॉइजला फिल्टरमधून जायची गरजच उरली नव्हती, तो तारेवरून तारेवर उडी मारत होता.

हाच फिल्टर पुढे नीट बसवला आणि ठेवला. प्लेटवरचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर डबी चार स्क्रूंनी, आत येणारी तार डावीकडून, बाहेर जाणारी उजवीकडून. मेन्सच्या बाजूला स्वतः फिल्टर करायचा मोह टाळावा. करायचाच असेल तर लाइन आणि न्यूट्रलच्या मध्ये एक्स 2 वर्गाचाच कंडेन्सर, अर्थकडे वाय 2 वर्गाचाच. 1 किलोव्होल्ट लिहिलेला साधा सिरॅमिक चालत नाही. वाय कंडेन्सर शॉर्ट झाला तर बॉडीवर 230 येतात, म्हणून तो वर्गच वेगळा आहे. एक्स कंडेन्सरवर 1 मेगओहम रेझिस्टर हवा, नाहीतर प्लग काढल्यावर पिनांचा झटका बसतो. आणि एसएमपीएस उघडला असेल तर आतल्या मोठ्या कंडेन्सरवर 325 व्होल्ट डीसी असतात, स्विच बंद केल्यावरही काही वेळ. स्कोपची ग्राउंड क्लिप त्या बाजूला कधीही लावू नये.

तिसरा उपाय सॉफ्टवेअरमध्ये सरासरी घेण्याचा. 64 रीडिंगच्या सरासरीने थरथर गेली, झोपाळा राहिला. 1000 केली तेव्हा झोपाळाही दबला, पण त्याबरोबर खरी गळती सुरू होण्याचा क्षणही पुसला गेला. खोटी लाट एकदा कार्डात शिरली की खऱ्या बदलापासून ती वेगळी काढता येत नाही. तिला कार्डाच्या आधीच अडवावी लागते.

दुरुस्तीचा क्रम

सर्वांत मोठा फरक फिल्टरने पडला नाही, सप्लाय वेगळे केल्याने पडला. 5 अँपिअरचा एसएमपीएस फक्त कॉइलना दिला. सेन्सरच्या बाजूला 24 व्होल्ट 1 अँपिअरचा छोटा. त्यावर 0.35 अँपिअर म्हणजे 35 टक्के भार. बर्स्ट बंद झाले, स्कोपवर सलग 65 किलोहर्ट्झ दिसायला लागलं.

याने आणखी एक जुनं दुखणं बरं झालं. कॉइल चालू केली की आकडा 1.7 बारने उडी मारायचा. लोक यालाही नॉइज म्हणतात, पण हा नॉइज नव्हे. कॉइल आणि ट्रान्समीटरची 0 व्होल्टची तार एकच होती, 1 चौरस मिलिमीटरची, 3 मीटर. मीटरला 18 मिलिओहम, एकूण 54. त्यातून 1.25 अँपिअर गेले की 67 मिलिव्होल्ट पडतात, आणि 40 ने भागलं की 1.7 बार. कुठलाही फिल्टर हे काढू शकत नाही. तार वेगळी करावी लागते. आता दोन्ही 0 व्होल्ट आपापल्या तारेने एकाच तांब्याच्या पट्टीवर येतात आणि वाटेत कुठेही भेटत नाहीत.

कॉइलवर डायोड नव्हतेच. 1एन4007 उलटा लावला की झटका जातो, पण व्हॉल्व्ह सुटायला वेळ लागतो. सुटण्याची वेळ मोजायची असेल तर डायोडसोबत 24 व्होल्टचा झेनर सिरीजमध्ये द्यावा. इथे तशी गरज नव्हती.

एवढं झाल्यावर आकडा ±0.5 बारवर आला. इथून पुढे फिल्टरचं काम.

आधी कॉमन मोड. छोट्या एसएमपीएसच्या 24 व्होल्टच्या दोन्ही तारा एका कॉमन मोड चोकमधून नेल्या. निकामी एसएमपीएसच्या मेन्सच्या बाजूला जो दोन वाइंडिंगचा चोक असतो तोच, 2 × 10 मिलिहेन्रीचा. करंट 0.35 अँपिअरच असल्याने त्याची बारीक तार पुरते. जोडणी उलटी झाली तर तो चोक नॉइज अडवत नाही आणि डीसीने कोअर भरून जातो. जोडण्याआधी तपासायचं ते असं: दोन वाइंडिंग सिरीजमध्ये जोडून एलसीआर मीटरवर मोजावीत. एका रीतीने एकाच्या चौपट इंडक्टन्स येतो, दुसऱ्या रीतीने जवळजवळ शून्य. चोक सप्लायमध्ये बसवताना जाणारा आणि येणारा करंट त्या दुसऱ्या, शून्याच्या रीतीने फिरला पाहिजे. चोकनंतर लगेच 0 व्होल्ट तांब्याच्या पट्टीने पॅनेलच्या प्लेटला जोडला, पट्टी 3 सेंटिमीटर. प्लसपासून त्याच स्क्रूपर्यंत 10 नॅनोफॅरड सिरॅमिक, पाय शक्य तितके आखूड. एसएमपीएसचं अर्थ टर्मिनलही त्याच प्लेटवर, जवळच. आता झटक्यांना केबलमधून बेंचभर हिंडायचं कारण उरलं नाही, पॅनेलमध्येच त्यांचा फेरा पुरा होतो. 0 व्होल्ट अर्थला एकाच ठिकाणी जोडायचा. ट्रान्समीटरच्या आत तो बॉडीला जोडलेला नाही ना, हे आधी मल्टिमीटरने बघून घ्यावं.

इथे अर्थिंगच्या खड्ड्याविषयी. आपल्याकडची जमीन जांभ्याची आणि मुरमाची. एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडला की रेझिस्टन्स चढतो, म्हणून नॉइज आला की खड्ड्यात पाणी ओतायची रीत आहे. पाणी ओतावंच, पण माणसाच्या जिवासाठी. 12 मेगाहर्ट्झच्या नॉइजला तो खड्डा दिसतच नाही, मधली 20 मीटरची तारच त्याला कोंडून ठेवते. त्याची अर्थ म्हणजे पॅनेलची प्लेट. अर्थ तुटली असेल तर फिल्टरच्या वाय कंडेन्सरमुळे बॉडीवर मल्टिमीटरला 115 व्होल्टच्या आसपास दिसतात आणि हाताला झिणझिण्या येतात. 2.2 नॅनोफॅरडमधून 230 व्होल्टला 0.16 मिलिअँपिअर जातात, तेवढ्याने जीव जात नाही, पण ती झिणझिणी म्हणजे अर्थ तुटल्याची पक्की सूचना. ती येऊ नये म्हणून फिल्टरची अर्थ सोडून देणारे लोक आहेत. हे फार वाईट. एका लाइनवर मोठ्या वाय कंडेन्सरचे पुष्कळ फिल्टर असले तर त्यांची बेरीज 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला (गळतीचा करंट दिसला की लाइन तोडणारा स्विच) अधूनमधून पाडू शकते, तेही ध्यानात ठेवावं.

मग एलसी फिल्टर, म्हणजे चोक आणि कंडेन्सरची जोडी. चोक 100 मायक्रोहेन्रीचा, हातानेच वळला. कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसमध्ये पिवळ्या रंगाची, एका बाजूने पांढरी रिंग असते, बाहेरचा व्यास 27 मिलिमीटरच्या आसपास. ती लोखंडाच्या भुकटीची कोअर आहे, डीसी सहन करते. जुने वेढे काढून वाइंडिंगवाल्याकडची 21 गेजची एनॅमल तार घेतली, सव्वा मीटर वेढ्यांना आणि पायांसाठी वर थोडी, आणि 33 वेढे एकाच थरात वळले. पहिल्या आणि शेवटच्या वेढ्यात बोटभर फट ठेवायची. वेढे एकावर एक चढले की दोन टोकं जवळ येतात आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला नॉइज चोक ओलांडून पलीकडे जातो. हिरवट किंवा करड्या फेराइटची अखंड रिंग या जागी वापरू नये, थोड्या डीसीने ती भरते आणि मग ती नुसती तार. तिची जागा कॉमन मोडमध्ये.

चोकनंतर 10 मायक्रोफॅरड. 50 व्होल्टचा सिरॅमिक घेतला तर 24 व्होल्टखाली त्याची क्षमता बरीच घटते, म्हणून दोन समांतर लावून त्यांना मिळून 10 धरावं. चांगला सिरॅमिक मिळाला नाही तर 4.7 मायक्रोफॅरड 63 व्होल्टचे पॉलिएस्टरचे दोन डबी कंडेन्सर घ्यावेत, व्होल्टेजने त्यांची क्षमता घटत नाही. कटऑफ, म्हणजे जिच्या वरचं फिल्टर अडवायला लागतो ती फ्रिक्वेन्सी, 5 किलोहर्ट्झ येतो, आणि 65 किलोहर्ट्झचा 50 मिलिव्होल्ट रिपल हिशोबाने 0.3 मिलिव्होल्टवर.

पण असा नुसता एलसी लावून गप्प बसायचं नाही. पहिल्या जोडणीत तसाच लावला होता आणि कार्डाचा कनेक्टर चालू सप्लायवर खोचला तेव्हा स्कोपवर 38 व्होल्टचा उडता कडा, म्हणजे क्षणभराची उसळी, दिसला. चोक आणि कंडेन्सर मिळून 5 किलोहर्ट्झची घंटाच होते, तिला हातोडा बसला की ती वाजते, आणि हिशोबाने कडा दुपटीपर्यंतही जाऊ शकतो. कार्डाची मर्यादा 30 व्होल्ट. ते वाचलं हे नशीब. उपाय म्हणजे कंडेन्सरला समांतर 47 मायक्रोफॅरड 50 व्होल्ट इलेक्ट्रोलिटिक आणि त्याच्या सिरीजमध्ये 3.3 ओहम. रेझिस्टरचा हिशोब म्हणजे चोक भागिले मूळचा कंडेन्सर, या भागाकाराचं वर्गमूळ, इथे 3.16 ओहम, आणि हा समांतर कंडेन्सर मूळच्या किमान चौपट हवा. इलेक्ट्रोलिटिक 105 अंशांचा घ्यावा, उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधलं पॅनेल आतून चांगलंच तापतं. ते लावल्यावर कडा 30 च्या खाली आला. तरी कनेक्टर चालू सप्लायवर खोचू नये.

फिल्टर इलेक्ट्रिशियन वापरतात तसल्या जीआय डबीत बसवला, एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. त्याच्या पुढे, फक्त तीन ट्रान्समीटरसाठी, 7818. या ट्रान्समीटरना 14 ते 30 व्होल्ट चालतात, म्हणून 18 पुरेसे. 60 मिलिअँपिअरला 6 व्होल्ट पडतात, 0.36 वॅट, हीटसिंक लागत नाही. इनपुटला 0.33 आणि आउटपुटला 0.1 मायक्रोफॅरड अगदी पायांशी. एलसी आधी आणि रेग्युलेटर नंतर हा क्रम मुद्दाम आहे. 100 हर्ट्झ आणि किलोहर्ट्झचा रिपल 7818 छान गिळतो, तिथे एलसीचा उपयोग नाही. शेकडो किलोहर्ट्झच्या पुढे 7818 हात टेकतो, तिथे एलसी कामाचा. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायचं हेच बलस्थान होतं, त्यात शेवटी 7824 बसलेला होता.

केबलकडे शेवटी आलो, खरं तर ती आधी बघायला हवी होती. ट्रान्समीटरच्या केबलची जाळी पॅनेलमध्ये वळून शेपटीसारखी 12 सेंटिमीटर लांब केली होती आणि टर्मिनलमध्ये खोचली होती. ती शेपटी कापली, केबल आत येते तिथेच वरचं आवरण 2 सेंटिमीटर सोललं आणि जाळीवर चहूबाजूंनी धातूचा क्लॅम्प दाबून प्लेटला कसला. स्कोपवर राहिलेले बारीक स्पाइक निम्म्याच्याही खाली गेले, एका क्लॅम्पने. पॅनेलमधल्या 24 व्होल्टच्या जोडतारांना दर 2–3 सेंटिमीटरला एक पीळ दिला. हँडड्रिलच्या चकमध्ये टोकं धरली की एका मिनिटाचं काम.

कार्डाच्या प्रत्येक इनपुटवर 220 ओहम सिरीजमध्ये आणि 4.7 मायक्रोफॅरड 0 व्होल्टकडे. कटऑफ 154 हर्ट्झ, सेकंदाला 1000 वाचनांच्या निम्म्याच्या चांगलाच खाली. 1 किलोओहम आणि 1 मायक्रोफॅरड घेतले तरी कटऑफ जवळपास तोच, पण कार्डाचा इनपुट 1 मेगओहमचा आहे. 1 किलोओहमने 0.1 टक्का चूक येते, पूर्ण रेंजवर 0.25 बार. 220 ने ती 0.055 बार, एका भागापेक्षा कमी. अशा ठिकाणी रेझिस्टर डोळे मिटून निवडू नये.

आता काय स्थिती

200 बारवर आकडा ±1 भाग, म्हणजे ±0.06 बार, बॅटरीवर होता तितकाच. कॉइल चालू-बंद केली तर उडी नाही. रेडिओ केबलवर धरला तर कान देऊन ऐकावी लागेल एवढीच घरघर. फर्नेस चालू असो वा नसो. गळतीची परीक्षा पुन्हा 2 बारच्या मर्यादेवर चालू आहे आणि सरासरी 16 वाचनांवर आणली आहे.

एक गोष्ट कायमची सुटलेली नाही. छोट्या सप्लायचा भार इंडिकेटरवर टिकून आहे. दुरुस्तीसाठी दोन्ही काढले तर भार 0.21 अँपिअरवर येतो आणि सप्लाय तापल्यावर मधूनच बर्स्टमध्ये शिरतो. म्हणून पॅनेलच्या दाराला आतून मराठी आणि कन्नड दोन्हींत कागद चिकटवला आहे: इंडिकेटर काढलात तर त्याच्या टर्मिनलवर 220 ओहम 5 वॅटचा रेझिस्टर लावा, तो 2.6 वॅट तापतो, तारेपासून लांब ठेवा. रेझिस्टर दोन आहेत, कागदाखालीच पिशवीत.